पारसिकचा बोगदा, भुयारी मेट्रो आणि आपण

(रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या गच्चीवर झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या भाषणमालेतील एक भाषण. समितीच्या आग्रहावरून थोडं आवरून लिहून दिलं आहे.)



समितीने मला जेव्हा सांगितलं की, ‘काका, तुम्ही वीस मिनिटं बोला’, तेव्हा मी विचारलं, ‘विषय काय?’ तर म्हणाले, ‘तुम्हाला आवडेल तो.’ आता बँकेत ३८ वर्षं नोकरी केलेल्या माणसाला आवडेल तो विषय दिला तर तो व्याजदरावर बोलेल, अशी भीती तुम्हाला वाटली असेल. घाबरू नका. मी आज बोगद्यावर बोलणार आहे. आपल्या पारसिकच्या बोगद्यावर, आणि त्यानिमित्ताने जमिनीखालून धावणाऱ्या गाड्यांवर.

माझा जन्म गिरगावातल्या चाळीतला, १९४९ सालचा. १९७१ मध्ये बँकेत लागलो. लग्न झाल्यावर दहा बाय बाराच्या खोलीत भागेना, म्हणून १९७५ साली डोंबिवलीला आलो. तेव्हा नातेवाईक विचारायचे, ‘इतक्या लांब? बोगद्याच्या पलीकडे?’ मुंबईकरांच्या लेखी पारसिकच्या बोगद्याअलीकडे मुंबई आणि पलीकडे गाव. हद्द नकाशावर कुठेही असो, लोकांच्या मनातली हद्द तो बोगदा होता.

तर आधी या बोगद्याची गोष्ट.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, हे इथल्या लहान मुलांनाही पाठ आहे. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे. ही रेल्वे काढणाऱ्या जीआयपी कंपनीच्या पहिल्या भारतीय संचालकांत आपले नाना शंकरशेट होते. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

ठाण्यापर्यंत सपाट जमीन होती. पुढे दोन अडचणी उभ्या होत्या, एक खाडी आणि दुसरा डोंगर. खाडीवर पूल बांधला. पारसिकचा डोंगर पोटातून फोडणं त्या वेळी परवडणारं नव्हतं, म्हणून रूळ डोंगराला वळसा घालून खाडीच्या कडेकडेने कळवा-मुंब्र्यावरून नेले. मुंब्र्याजवळ डोंगराची सोंड आडवी आली तिथे दोन छोटे बोगदे पाडले. भारतातल्या अगदी पहिल्या रेल्वे बोगद्यांत त्यांची गणना होते. १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणला पोचली.

कल्याणहून पुढे खरी परीक्षा होती. एका बाजूला कसाऱ्याचा थळ घाट, दुसऱ्या बाजूला बोर घाट. बोर घाटात २५ बोगदे करावे लागले. जानेवारी १८६१ मध्ये तिथे ४२ हजार माणसं एकाच वेळी कामावर होती. कॉलरा, ताप, दरडी आणि सुरुंग यांनी किती गेली याचा हिशेब मांडवत नाही. त्या कामाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि १८५९ मध्ये, काही दिवसांतच, आजाराने गेला. त्याची बायको अ‍ॅलिस. परक्या देशात, नवरा गेलेला, आणि अंगावर एवढा ठेका. तिने तो सोडला नाही, माणसं नेमून काम तडीस नेलं. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट सुरू झाला. योगायोग पहा, त्याच वर्षी १० जानेवारीला लंडनमध्ये जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली होती. तीसुद्धा कोळशाच्या इंजिनाची. म्हणजे तिकडे गोरा साहेब रस्त्याखाली धूर खात होता, त्याच साली आपल्याकडची माणसं सह्याद्रीच्या पोटात धूर खात होती.

पुढे मुंबईत गिरण्या वाढल्या, बंदर वाढलं, माल वाढला. घाटावरून येणारी प्रत्येक गाडी त्या मुंब्र्याच्या वळणावर हळू व्हायची. वळणावर वेग धरता येत नाही, हा रेल्वेचा साधा नियम. तेव्हा साठ वर्षांपूर्वी टाळलेलं काम करायचं ठरलं. डोंगराला सरळ भोक पाडायचं. ते काम होऊन १९१६ साली पारसिकचा बोगदा सुरू झाला. लांबी सुमारे १.३ किलोमीटर, आत दोन रूळ.

त्या काळी बोगदा पाडायची रीत एकच. काळ्या कातळात भोकं पाडायची, दारू ठासायची, बत्ती द्यायची, धूर निवळला की आत जाऊन ढिगारा उपसायचा. मग पुन्हा भोकं. दिवसाला हातभर-दोन हात सरकलं तरी मुकादम खूश. दोन बाजूंनी खोदत आलेल्या टोळ्या मध्ये बरोबर समोरासमोर भेटल्या पाहिजेत, हे सर्वेअरचं कसब. कागदावर एक बोट चुकलं तर डोंगरात किती चुकेल, कल्पना करा. आम्ही लेजरचं बॅलन्सिंग करताना एक पैसा जुळला नाही तर रात्री दहापर्यंत बसायचो. मला त्या सर्वेअरची झोप कशी लागत असेल, असं नेहमी वाटतं.

पाटीवर कोणा साहेबाचं नाव असतं, खोदणाऱ्याचं नसतं. म्हणून तुम्हाला सांगतो, पुढच्या वेळी त्या बाजूने जाल तेव्हा मनातल्या मनात एक नमस्कार करा.

आता माझा आणि बोगद्याचा संबंध. १९७५ ते २००९ अशी ३४ वर्षं मी डोंबिवली ते व्ही.टी. केलं, शक्यतो फास्टनेच. ठाण्याच्या अलीकडे फास्ट गाडी बोगद्यात शिरायची. मी घड्याळ लावून पाहिलं होतं, साधारण दीड मिनिट. जाता-येता तीन मिनिटं. वर्षाचे २८० दिवस धरा. ३४ वर्षांचे झाले ९५२० दिवस, म्हणजे २८,५६० मिनिटं, म्हणजे ४७६ तास. मित्रहो, माझ्या आयुष्यातले जवळजवळ वीस अख्खे दिवस-रात्र मी पारसिकच्या डोंगराच्या पोटात काढलेत. बायको म्हणते, ‘तेवढे दिवस घरी काढले असते तर माळ्यावरचं सामान तरी आवरून झालं असतं.’

त्या दीड मिनिटात काय काय व्हायचं! कॉलेजची पोरं बोगदा आला की शिट्ट्या मारायची, ओरडायची. डब्यातले दिवे गेलेले असले तर ठार अंधार. भजन चालू असेल तर टाळांचा आवाज दुप्पट व्हायचा. पत्ते खेळणारे हातातली पानं छातीशी धरायचे, शेजाऱ्याला दिसू नयेत म्हणून. आणि दारात लोंबकळणारे सगळे आपोआप आत सरकायचे, कारण भिंत अगदी जवळून जायची. ‘आत घ्या, आत घ्या, बोगदा आला’ अशी आरोळी व्हायची आणि जिथे मुंगीला जागा नव्हती तिथे आणखी चार माणसं मावायची. बोगदा संपून कळव्याची हवा लागली की पुन्हा बाहेर. दसऱ्याला आम्ही डबा सजवायचो, पूजा करायचो, पेढे वाटायचो. त्या गाडीने आम्हाला मित्र दिले.

त्या मित्रांतल्या एकाबद्दल आज बोलणार आहे. इतकी वर्षं चारचौघांत बोललो नाही. त्याचं नाव घेत नाही, त्याची मुलं इथेच डोंबिवलीत आहेत.

साल १९८३. डिसेंबरअखेर, आमचं क्लोजिंग. आमची नेहमीची फास्ट त्या दिवशी रद्द झाली. मागून स्लो आली, ती आधीच भरून. तो म्हणाला, ‘जाऊ दे रे, पुढची पकडू.’ मी म्हणालो, ‘पुढची कधी येईल कोण जाणे. लेट मार्क लागेल. चल, चढ.’ मी आत घुसलो, तो दारात राहिला. स्लो गाडी बोगद्यातून जात नाही, डोंगराला वळसा घालून मुंब्र्याच्या वळणावरून जाते. त्या वळणावर गाडी कलली, आतल्या गर्दीचा लोंढा दाराकडे आला, आणि तो गेला.

मी आत होतो. आधी आरडाओरड ऐकली, नाव नंतर कळलं. पुढे त्याच्या बायकोला फंडाचे आणि विम्याचे फॉर्म मीच भरून दिले. ‘मृत्यूचे कारण’ या रकान्यात मी ‘रेल्वे अपघात’ असं लिहिलं. ते खरंच होतं. पण ‘चल, चढ’ हे माझे दोन शब्द कुठल्याच रकान्यात बसत नव्हते.

हे आज का सांगतो, ते पुढे कळेल. आधी जरा मुंबईच्या भुयारात जाऊन येऊ.

आपल्या देशात पहिली भुयारी रेल्वे कलकत्त्याला झाली. १९७२ मध्ये पायाभरणी आणि २४ ऑक्टोबर १९८४ ला पहिली गाडी. बारा वर्षं लोकांनी खणलेले रस्ते सोसले, कारण तिथे बराचसा मार्ग वरून रस्ता उघडून, खड्डा करून, खाली डबा बांधून पुन्हा झाकून केला. मुंबईत असं करायचं तर गिरगाव, काळबादेवी, दादर सगळंच उघडं करावं लागलं असतं. म्हणून मेट्रो ३ चे बोगदे यंत्राने केले. स्टेशनांसाठी मात्र बहुतेक ठिकाणी खड्डेच घेतले, ते आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं पत्र्याआडून पाहिलेत.

हे यंत्र म्हणजे टीबीएम. पोरांनो, एक लांबच लांब लोखंडी गांडूळ डोळ्यांपुढे आणा. तोंडाशी फिरणारी मोठी चकती, तिच्यावर कातळ चिरडणारे दाते. चिरडलेला माल पट्ट्यावरून मागे जातो. मागोमाग सिमेंटचे तयार तुकडे गोलाकार बसवले जातात आणि त्यांची बांगडी होते. त्या बांगडीलाच रेटा देऊन यंत्र पुढे सरकतं. म्हणजे खोदणं आणि भिंत बांधणं एकाच दमात. १९१६ च्या आमच्या मुकादमाने पाहिलं असतं तर हात जोडले असते. अशी १७ यंत्रं लावली होती आणि त्यांना वैतरणा, तानसा, सूर्या, गोदावरी, कृष्णा अशी नद्यांची नावं दिली होती. २०१७ साली पहिली यंत्रं खाली उतरली आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजी शेवटच्या वेळी, म्हणजे ४२ व्यांदा, यंत्र कातळ फोडून बाहेर आलं. मार्ग ३३.५ किलोमीटरचा, स्टेशनं २७, त्यातली २६ जमिनीखाली. वर शंभर-सव्वाशे वर्षांच्या इमारती, वाटेत मिठी नदी, आणि या सगळ्याच्या खालून हे काम झालं.

ते सुखासुखी झालं नाही, हेही सांगितलं पाहिजे. गिरगाव-काळबादेवीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांना घरं रिकामी करावी लागली. आरेच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये रातोरात झाडं तोडली गेली, पोरं-पोरी रस्त्यावर आली, सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगितलं. कारशेड कांजूरला जाऊन पुन्हा आरेत आली. खर्च ३७ हजार कोटींच्या पुढे गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी हा पहिला टप्पा सुरू झाला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये गाडी थेट कफ परेडला पोचली.

माझी नात बीकेसीला नोकरीला आहे. एका रविवारी तिने मला नेलं. दादरला सरकत्या जिन्याने खाली उतरत गेलो, उतरत गेलो, मला वाटलं आता पाताळच लागणार. गाडी आली, दारं आपोआप उघडली, आपोआप बंद झाली, मगच गाडी हलली. एका स्टेशनचं नाव ऐकून मी उठूनच उभा राहिलो. ‘जगन्नाथ शंकरशेट मेट्रो.’ नानांनी १८५३ साली गाडी आणली, आणि १७२ वर्षांनी जमिनीखालचं एक स्टेशन त्यांचं झालं. पुढचं ग्रँट रोड, मग गिरगाव. मी नातीला म्हणालो, ‘आत्ता आपण माझ्या चाळीच्या खाली आहोत बहुतेक. इथे वरती माझी आई स्टोव्हला पंप मारत असायची.’ हुतात्मा चौकाला उतरून जिथे मी पहिल्या दिवशी मस्टरवर सही केली त्या रस्त्यावर उभा राहिलो. नातीने फोटो काढला. तो पुढे छापायला दिला आहे.

परत येताना दादरहून फास्ट पकडली. ठाणं गेलं आणि मी सवयीने बोगद्याची वाट पाहू लागलो. बोगदा आलाच नाही. नात हसली. ‘आजोबा, आता फास्ट बोगद्यातून नाही जात.’

मला वाचून माहीत होतं, पण अंगवळणी पडलं नव्हतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका पूर्ण झाली तेव्हा मांडणी बदलली. बोगद्यातले रूळ लांब पल्ल्याच्या गाड्यांना गेले, आपल्या फास्ट लोकल जुन्या स्लोच्या रुळांवर आल्या आणि स्लो नव्या रुळांवर. लांबच्या गाड्यांचा अडथळा गेला, हा फायदा आहेच. पण १०६ वर्षं सरळ बोगद्यातून गेलेली आपली फास्ट आता मुंब्र्याच्या त्याच वळणावरून जाते.

त्याच वळणावरून. तुम्हाला आठवत असेल, ९ जून २०२५. सकाळची वेळ. दोन फास्ट गाड्या त्या वळणावर एकमेकींशेजारून गेल्या, दोन्हींच्या दारांत माणसं लोंबकळत होती, आणि काही जण खाली पडले. काही घरांत त्या दिवशी माणूस परत आला नाही. टीव्हीवर ते रूळ दाखवत होते आणि मला १९८३ चा डिसेंबर दिसत होता. नातीचा फोन लागेपर्यंत अर्धा तास मी या गच्चीवर फेऱ्या मारत होतो. तेव्हापासून आमच्या घरात एक नियम झाला आहे. ती ठाण्याला पोचली की एकच अक्षर पाठवते, ‘ठा’. ते आल्याशिवाय मी चहा घेत नाही.

पुढे दिवस बदलतील. कल्याण-डोंबिवली-तळोजा मेट्रोचं काम आपल्या डोळ्यांसमोर चालू आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो येते आहे. ठाण्याच्या २९ किलोमीटरच्या वर्तुळाकार मेट्रोतला ३ किलोमीटरचा भाग जमिनीखालून, ठाणे स्टेशनशी जोडणारा आहे. आणि आपल्या शिळफाट्यापर्यंत बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा होतो आहे, त्यातला ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. त्यातल्या घणसोली ते शिळफाटा या टप्प्यातला कातळ सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार फुटला. १८५४ मध्ये जो डोंगर टाळून वळसा घातला आणि जी खाडी पुलावरून ओलांडली, त्याच्या आसपासच हे सगळं चाललंय. ‘बोगद्याच्या पलीकडे’ असं आता कोणी म्हणणार नाही.

पण ही कामं लागायची ती वर्षं लागतील. तोपर्यंत आपली मुलं-नातवंडं रोज सकाळी फास्टच पकडणार. म्हणून माझी एकच विनंती आहे, वडीलकीच्या नात्याने. तरुण मित्रांनो, एक गाडी सोडायला शिका. लेट मार्क लागतो, पगार कापला जातो, साहेब बोलतो, हे सगळं मी भोगलंय. ते सगळं भरून निघतं. मी बँकेतला माणूस आहे, काय भरून निघतं आणि काय निघत नाही एवढं मला कळतं. आणि आई-वडिलांनो, सकाळी दारातून ‘लवकर निघ, गाडी चुकेल’ असं ओरडू नका. ‘चुकली तर चुकू दे’ असं म्हणा. हे चार शब्द मला तेव्हा सुचले नाहीत.

जाता जाता एक खजिनदाराची गोष्ट, कारण पहिली सहा वर्षं ते काम माझ्याकडे होतं आणि सवय जात नाही. पारसिकचा बोगदा शंभरावर वर्षं उभा आहे तो नुसता नीट बांधला म्हणून नव्हे. कोणीतरी रात्री-अपरात्री ब्लॉक घेऊन त्याची गळती बुजवतं, गटार साफ करतं, भिंत ठोकून बघतं. आपली इमारत २५ वर्षांची झाली. तळमजल्याच्या टाकीला ओल आहे, हे सगळ्यांना माहीत आहे आणि सिंकिंग फंडाचा विषय निघाला की सभेतून कोण कोण उठून जातं, हेही मला माहीत आहे. नावं घेत नाही. एवढंच म्हणतो, पुढच्या सभेला बसा.

खाली मसालेदूध तयार आहे असा निरोप आला आहे, त्यामुळे आता थांबतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.